करंजाखालचा थांबा

"ही प्रतिमा तुमच्यासारखी गाडी चालवते, एवढंच नाही," डॉ. अश्लेषा नाडगौडा म्हणाल्या. "ती तुमच्यासारखं ठरवते."

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या त्या प्रयोगशाळेत यशवंत तोडकर अवघडून बसला होता. पाठीमागे उशी होती, तरीही. चौदा वर्षं घरोघरी पार्सलं पोचवून कमरेच्या दोन मणक्यांनी त्याच्याशी उघड वैर धरलं होतं. शेजारी त्याची बायको शालन क्ष-किरणांचे फोटो मांडीवर घेऊन बसली होती. कुणी मागितले नव्हते, पण असावेत जवळ.

"आम्ही तुमची चौदा वर्षांची प्रत्येक फेरी तपासली, आणि गेले तीन आठवडे मेंदूची स्पंदनंही नोंदवली," डॉक्टर सांगत होत्या. "त्यातून झाली ही चालकप्रतिमा. तिला शरीर नाही. भूक नाही, थकवा नाही. पण समोर प्रश्न आला की तुम्ही जे निवडाल, तेच ती निवडते."

"आन् मी?"

"तुम्हाला कंपनी नियंत्रणकक्षात खुर्ची देईल. कायमची नोकरी. मात्र कायद्याने प्रतिमेलाही एक हक्क आहे. आठवड्याच्या चाचणीनंतर ती कामाला नकार देऊ शकते. नकार दिला तर तिला मिटवावं लागतं. तुमची खुर्ची मात्र तुमचीच, शनिवारपर्यंत सही केलीत तर."

"नकार कशाला दील?" यशवंत हसला. "माझी पाठ धड असती तर सत्तरीपातूर चालवली असती मी गाडी."

"मग तीही चालवेल. तिला पाठच नाही."

शालनच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी सुटकेचा भाव आला. रोज रात्री तेल लावून तिचेही हात दुखत होते.

प्रतिमेने पहिल्याच दिवशी गाडी झकास चालवली. अरुंद बोळातून ती उलटी बाहेर काढली. गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा दोन चौक लांब असूनही यशवंतच्याच आवाजात बिनदिक्कत सांगितलं, "आलोच मावशी, कोपऱ्यावरच हाय!" ते ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावून हसल्या. थापही हुबेहूब उतरली होती.

फक्त एक गोष्ट त्यांना उमगेना. रोज दुपारी एक वाजता गाडी वसाहतीमागच्या एका करंजाच्या झाडाखाली जाऊन उभी राही आणि थोड्या वेळाने निघे. ना तिथे पार्सल, ना गाडी चार्ज करायची सोय.

"तिथं आम्ही डबा खायचो," यशवंतने सांगितलं. "आठ डायवर हुतो. कुणाच्या डब्यात काय निघंल त्याचा नेम नसायचा. इसाकच्या घरची भरली वांगी आली की बाकीचे आपापल्या भाज्या झाकून ठेवायचे. मग कंपनीनं एकेक गाडी बिनमाणसाची केली. इसाकनं मार्केट यार्डात सोताचा टेम्पो घेतला. साल झालं, मी एकलाच जेवतोय तिथं."

शुक्रवारी प्रतिमेने कामाला नकार दिला.

डॉक्टरांनी नवराबायकोला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोरच तिला विचारलं, "अडचण काय आहे?"

"करमत न्हाई," भिंतीवरच्या ध्वनियंत्रातून यशवंतचाच आवाज आला.

"मग तुझ्याच आणखी सात प्रती करते. सगळ्या मिळून करंजाखाली थांबा."

"आन् करू काय? आठी डब्यांत माझीच भाजी!"

यशवंत खळखळून हसला. शालनही हसली. मग तिने भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरबाई, ह्याला पाठ न्हाई म्हनला हुतात न्हवं?"

"नाही."

"तरी ह्यो सोडतोय."

डॉक्टरांनी मान हलवली. "पाठ वजा केली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. तरी उत्तर बदललं नाही. म्हणजे कारण पाठ नव्हतं. पाठ दुखते हे खरं, पण सोडायचं कारण वेगळं आहे."

वर्षभर यशवंतला जे बायकोला सांगता आलं नव्हतं, ते भिंतीवरच्या पेटीने सांगून टाकलं होतं. त्याला लाज वाटली, आणि हलकंही.

"त्या खुर्चीच्या खोलीत किती मानसं असत्यात?" शालनने विचारलं.

"एकच. हेच."

सही तशीच राहिली. पण नाही म्हणायचा धीरही त्याला झाला नाही. बांधलेला पगार सोडणं खेळ नव्हे, आणि मोडकी पाठ घेऊन दुसरं काय करणार? "उद्या सांगतो," म्हणून तो घरी गेला.

शनिवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. प्रतिमा संध्याकाळी मिटवायची होती आणि गाडी आवारात नव्हती. दोघं धावतपळत शिरोलीला पोचेपर्यंत तिचा पत्ता लागला होता. पडद्यावर मार्केट यार्डाचा टेम्पो स्टँड दिसत होता. रांगेत सगळे टेम्पो नंबराला लागलेले, आणि इसाक मुजावरच्या टेम्पोमागे शहाण्यासारखी उभी होती कंपनीची गाडी. भोवती पाचसहा चालक चहाचे ग्लास घेऊन तिच्याशी गप्पा हाणत होते.

"यंत्र बिघडलंय का?" शालनने विचारलं.

"मुळीच नाही. आज तिला कसल्याही सूचना दिल्या नव्हत्या. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते तिनं ठरवलं." डॉक्टर यशवंतकडे वळल्या. "तुम्ही जे ठरवाल तेच ती ठरवते. हे तुमच्या मनात होतं?"

यशवंतचे डोळे भरून आले. "दोन महिन्यांमागं इसाकनं बोलीवलं हुतं. एक टेम्पो इकायचा हाय, हप्त्यानं घे म्हनला. मी कुनालाच बोललो न्हाई."

"मलाबी न्हाई?" शालन म्हणाली.

"तुला काय तोंडानं इचारू? पगार कमी. तू एवढं तेल लावून लावून..."

"अवो, त्येला एकच दिस हुता, तरी त्यो गेला. त्येला इचारायला कुनी न्हवतं." शालनने आजही बरोबर आणलेले क्ष-किरणांचे फोटो पिशवीत घातले. "तुमाला मी हाय. इचारा की!"

यशवंतने खाकरून घसा साफ केला. पडद्यावर रांग पुढे सरकत होती.

"जाऊ का?"

"जावा," ती म्हणाली. "पन पोती हमाल उचलतील."