कुठल्या सालची?

कॅनडातल्या वीदनबाख या ख्रिस्ती वसाहतीत सगळे एकत्र जेवतात आणि जेवणघरातली जागा वयावरून ठरते. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं. दुसऱ्या वसाहतीतून कुणी पाहुणी आली तर तिला नाव-गाव मागाहून विचारतात, आधी विचारतात, "कुठल्या सालची?" तिनं साल सांगितलं की दोघीजणी सरकतात आणि मधे एक ताट येतं. युस्टिना वाल्टर एकोणनव्वद सालची. तिच्या एका अंगाला सत्त्याऐंशीची मार्या, दुसऱ्या अंगाला नव्वदची लिडिया. पंधराव्या वर्षी मोठ्यांच्या बाकावर बसायला लागल्यापासून ती तिथंच बसत आली होती.

शाळा सुटल्यावर तिथला संगणक तासभर वापरायची परवानगी तिनं धर्मोपदेशकांकडून मागून घेतली, ती वडिलांपायी. एलियास फेटर (थोरल्या पुरुषाला इथं काका या अर्थानं फेटर म्हणतात) एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांचं अंग धडधाकट होतं, पण डोकं ठिकाणावर राहत नव्हतं. दिवस कलला की ते अंगात कोट चढवायचे आणि दाराकडे निघायचे.

"मला घरी सोड," ते म्हणायचे.

"घरीच आहात, बाबा."

"हे नव्हे गं. आपलं घर. दाराची पायरी मधोमध झिजलेली. आत शिरताना मान वाकवावी लागते. उजव्या हाताला खोली तापवायची, हिरव्या फरशांची भट्टी."

या वर्णनाचं घर मॅनिटोबात कुठंच नव्हतं, आणि एलियास फेटर जन्मात कॅनडाबाहेर गेले नव्हते. डिसेंबरात ते धान्याच्या कोठारांमागे सापडले. उणे अठ्ठावीस तापमानात, हातमोजे न घालता. शहरातल्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, की पुन्हा असे बाहेर पडले तर त्यांना कुलपाच्या दवाखान्यात ठेवावं लागेल. वसाहतीत तर कुणाच्याच दाराला कुलूप नाही. बाबा परक्यांमधे, आपली बोली न कळणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या नर्सांच्या हाती मरावेत, हे युस्टिनाला नको होतं. घर निदान चित्रात दाखवता आलं तर त्यांची पावलं थांबतील, अशी तिची भाबडी समजूत. भाबडी खरी, पण दुसरं काय होतं तिच्या हातात?

"त्या यंत्रात नवरा शोधतेस की काय?" एकदा बटाटे सोलताना लिडियानं विचारलं. "पस्तिशी आली म्हणून घाई झाली वाटतं!"

"बाबांचं घर शोधतेय."

"त्यांचं घर इथून चाळीस पावलांवर आहे. त्यासाठी वीज कशाला जाळायची?"

मार्या फिस्सकन हसली. युस्टिनाही हसली. लिडियाचं तोंड तसलंच होतं, पण बाबा हरवले त्या दिवशी सगळ्यांत आधी कंदील घेऊन धावली होती तीच.

शोधाला धागा मिळाला तो बाबांच्या पेटीतून. पेटी पणजोबांच्याही आधीची. रशियातून अमेरिकेत आली, त्याआधी ट्रान्सिल्व्हेनियातून रशियात गेली, आणि त्याही आधी स्लोव्हाकियातल्या कुठल्याशा गावातून रातोरात निघाली. तेव्हा तिथल्या, वसाहतीच्या पूर्वजांना बळजबरीनं कॅथलिक पंथात बाटवत होते. झेपलं ते पळाले, उरले ते बाटले. पेटीच्या झाकणाला आतून निळ्या रंगात गावाचं नाव होतं आणि खाली एक आकडा, ३४.

स्लोव्हाकियातले, तिकडच्या बादशाही काळातले जमीनमोजणीचे नकाशे कुणीतरी इंटरनेटवर चढवले होते. युस्टिनानं त्यात गाव शोधलं, चौतीस नंबरची जागा शोधली, मग तो जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पाहिला. ओढा जुळला, चर्च जुळलं. उपग्रहाच्या छायाचित्रात एक लांबोडकं छप्पर दिसलं. मग ती नकाशातल्या रस्त्यावर उतरली. छतावर कॅमेरा लावलेल्या कुठल्याशा गाडीनं पाच वर्षांपूर्वीच्या जुलैत टिपलेला रस्ता, दोन्ही कडांना गुडघाभर हिरवं गवत, आणि त्यापलीकडे पांढरं, बुटकं घर. दार बंद होतं. पायरी मधोमध झिजलेली.

तिनं बाबांना शाळेत आणलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हेच," ते म्हणाले, आणि त्यांनी कोटाची बटणं सोडली.

त्या दिवसापासून तीन आठवडे घरात शांतता होती. रोज साडेतीनला बापलेक शाळेत जायची, दहा मिनिटं घर बघायची आणि परत यायची. बाबा पोटभर जेवू लागले, रात्रभर झोपू लागले. युस्टिनाच्या जिवात जीव आला. एवढ्यावरच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो.

चौथ्या आठवड्यात दार किंचित उघडं दिसलं.

नवा फोटो घातला असेल, असं तिला वाटलं. तिनं खालची तारीख पाहिली. तोच जुलै, तेच साल. गवत तेच, तारेवरची चिमणीसुद्धा तीच. फक्त दार चार बोटं किलकिलं होतं आणि फटीत अंधार होता.

"बाबा, हे दार..."

"आता घरची माणसं येताहेत ना शेतावरून," ते सहज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं होतं. वर्गात वास येत होता, ओल्या चुन्याचा आणि राय धान्याच्या गरम पावाचा. वसाहतीत त्या दिवशी पाव भाजला नव्हता. बाहेर बर्फावर दुपारचं ऊन होतं, खिडक्या बंद होत्या, आणि खोलीत कुठून तरी जस्ताच्या ताटल्यांचा बारीक आवाज येत होता. संगणकाला आवाजाचं यंत्रच नव्हतं. ते तिनं स्वतःच्या हातानं काढून ठेवलं होतं, धर्मोपदेशकांची अटच होती तशी.

ती उठून संगणक बंद करणार, तोच बाबांनी तिचा हात धरला. त्यांचा चेहरा पाहुण्याशी बोलतानाचा होता, अदबशीर.

"विचारताहेत, कुठल्या सालची?"

आता तुम्हीच सांगा, जन्मभर जो प्रश्न ऐकला, ज्याचं उत्तर झोपेतही तोंडातून बाहेर पडेल, तो वडिलांनी विचारला तर माणूस काय करेल? म्हाताऱ्याचं मन राखायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"एकोणनव्वद. फेब्रुवारी."

बाबांनी पडद्याकडे वळून साल पुन्हा सांगितलं. ताटल्यांचा आवाज थांबला. मग खूप लांबून, लाकडी बाकावर माणसं सरकल्यासारखी खरखर ऐकू आली.

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. सारखं एकच मनात येई, ते बाबांना न्यायला आलेत. आपणच वाट काढून दिली. आपणच दार शोधलं. उद्यापासून शाळेत जायचंच नाही, असं तिनं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी साडेतीनला बाबा कोट घालून दाराशी उभे राहिले. तोंडात तेच जुनं पालुपद, मला घरी सोड. नाही नेलं तर ते बर्फात निघतील, हे तिला दिसत होतं. ती त्यांना घेऊन गेली. शेवटचं, असं मनाशी घोकत.

दारातून आतलं दिसत होतं. तिथं दोन लांब मेजं होती. डावीकडे पुरुषांच्या पाठी, उजवीकडे बायकांच्या डोक्यांवरचे काळे रुमाल. सगळे ताटांवर वाकलेले. भिंतीशी हिरव्या फरशांची भट्टी. युस्टिनानं बाबांची बाही घट्ट धरली. ती रडत होती.

"बाबा, नका जाऊ. मी हात जोडते. तिकडे नका जाऊ..."

बाबा चकित होऊन तिच्याकडे बघू लागले. किती महिन्यांनी त्यांची नजर इतकी स्वच्छ होती.

"मी? मी कुठं चाललोय? माझं जेवणघर इथंच आहे."

"मग ती... ती माणसं..."

"पुरुषांचा बाक भरलाय, बघ ना." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "जागा बायकांकडे आहे. मधेच. काल साल विचारलं ना त्यांनी, तू सांगितलंस."

उजवीकडच्या रांगेत दोन रुमालांच्या मधे एका माणसाएवढी फट होती. फटीसमोर एक ताट मांडलेलं होतं. आणि फटीच्या दोन्ही बाजूंच्या बायका आता ताटावर वाकलेल्या नव्हत्या. त्या दाराकडे मान वळवत होत्या.

युस्टिनानं भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला, पण पावाचा वास गेला नाही. "बाबा, चला," ती ओरडली आणि धावत सुटली. शाळेच्या दारातून बाहेर पडताना आपण मान वाकवल्याचं तिला जाणवलं. शाळेचं दार चांगलं उंच होतं. मग नुसता थंडगार वारा, पायांखाली बर्फ, आणि एवढ्यातच संध्याकाळच्या जेवणाची घंटा. बाबा मागे राहिले की पुढे गेले, तिला कळलं नाही.

जेवणघरात दिवे लागले होते. प्रार्थना संपून चमचे वाजत होते. डावीकडे पुरुषांच्या बाकावर, पहिल्या जागेवर बाबा बसले होते, कोट काढून, केस विंचरून, सूप पीत. त्यांना बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचले. बाबा वाचले. ती बायकांच्या बाकाकडे वळली आणि उजवीकडची तिची जागा शोधू लागली.

मार्याच्या शेजारी लिडिया होती. खांद्याला खांदा लावून. मधे हात घालायलाही जागा नव्हती. ताटं मोजून मांडलेली, एकही जास्त नाही.

"लिडिया," ती हलकेच म्हणाली, "सरक गं."

लिडियानं वर पाहिलं. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती, राग नव्हता. दुरून आलेल्या बाईकडे बघावं तसं ती आपुलकीनं हसली आणि बाकावर सरकायच्या तयारीत म्हणाली,

"ये ना, बस. थंडीत आलीस. कुठल्या सालची?"

मार्यानंही मान वळवली. पलीकडून बाबांनी पाहुणीला करतात तसा अदबीनं नमस्कार केला आणि पुन्हा सुपात चमचा बुडवला.

त्या प्रश्नाचं उत्तर युस्टिना कालच देऊन बसली होती, आणि तिचं ताट तिकडे मांडलेलं होतं. तिनं मान खाली घातली. बाहेर तीन फूट बर्फ होतं, जानेवारी होता, आणि तिच्या दोन्ही बुटांना ओलं, हिरवंगार गवत चिकटलेलं होतं.