डाव्या हेडलाइटचा फोकस

ही गोष्ट सांगितली की लोक मला पहिलं हेच विचारतात, "थकला होतास का रे?"

हो, थकलो होतो. चिडलो होतो. दिवसभर पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण मी बहिरा नव्हतो आणि माझी बायकोही बहिरी नव्हती. आम्ही दोघांनी ऐकलं ते आमच्याच घरासमोर, गाडीच्या शेडखाली, पासिंगच्या आदल्या संध्याकाळी. आता तुम्ही काय समजायचं ते समजा.

आधी भानगड काय होती ते सांगतो.

आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या हेडलाइटचा कान तुटला होता. कान म्हणजे दिवा ज्याच्यावर स्क्रूने आवळून बसतो तो प्लास्टिकचा तुकडा. तेवढा तुटला की अख्खा दिवा लोंबकळतो. आरटीओत पासिंगच्या साहेबांनी दिव्याला नुसतं बोट लावलं, दिवा हलला, आणि त्यांनी गाडी परत पाठवली. आता उद्या सकाळी शेवटची संधी. हुकली तर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

आणि परवा आईचं डायलिसिस.

आईला एक दिवसाआड न्यावं लागतं. येताना तिच्यात त्राण उरत नाही, मागच्या सीटवर उशीला टेकून कशीबशी येते. तिला बसच्या रांगेत उभी करू?

मेकॅनिक म्हणाला, "पूर्ण दिवाच बदला." एवढ्या जुन्या गाडीचा दिवा कुठे मिळेल असं विचारलं, तर तो दुसऱ्या गाडीखाली घुसला.

मग मीच कंबर कसली. चिकटवून पाहिलं, निघालं. तारेने बांधलं, तार तुटली. शेवटी भंगारात तसल्याच एका गाडीचा कान मिळाला. तो कापून आणला आणि सोल्डरिंगच्या आयर्नने प्लास्टिक वितळवून आमच्या दिव्याला जोडला. लावताना स्क्रू हातातून सुटला आणि बंपरच्या आत जाऊन बसला. असला स्क्रू कधी जमिनीवर पडत नाही. तो काढण्यात दुपार गेली. माझ्या तोंडून जे शब्द निघत होते ते ऐकून आईने खिडकी लावून घेतली.

दिवा मात्र घट्ट बसला. गदागदा हलवला तरी हलेना.

आता फक्त फोकस लावायचा होता.

त्याची आमची पद्धत ठरलेली आहे. गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी करायची. भिंतीवर खडूने फुली मारायची. मी बॉनेट उघडून दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. आमच्या गाडीचं बॉनेट काचेकडून पुढे उघडतं, ते वर केलं की मला भिंत दिसत नाही, म्हणून ही भिंतीपाशी उभी राहते आणि सांगते. वर, खाली, बस.

अंधार पडायला लागला होता. मी दिवे लावले आणि बॉनेटमागे वाकलो.

"खाली..."

मी स्क्रू फिरवला.

"अजून खाली... बस."

पुढे येऊन बघतो तर काय, उजेड पार भिंतीच्या बुडाशी. फुली वर अंधारात.

"अगं, याला बस म्हणतात?"

"मी कधी बस म्हटलं? मी मघापासून वर, वर करतेय."

झालं. भांडण लागलं. ती म्हणाली, तुम्हाला माझं कधी ऐकू आलंय? मी म्हणालो, ऐकलं म्हणून तर ही वेळ आली. पुन्हा वाकलो.

"खाली..."

"अगं, आधीच खाली आहे."

"अजून खाली..."

दात-ओठ खात मी फिरवत राहिलो. आवाज हिचाच आहे असं मी धरून चाललो होतो. चिडलेल्या बायकोचा आवाज कोण ओळखत बसतो?

"बस."

मी पुढे आलो.

भिंतीपाशी कोणीच नव्हतं...

ही घराच्या दारातून बाहेर येत होती. हातात आईच्या औषधाचा पेला.

"आईंनी हाक मारली म्हणून आत गेले होते. तुम्हाला सांगून गेले की."

शेजारचं कोणी चेष्टा करतंय म्हणून रस्त्यावर पाहिलं. रस्ता रिकामा. मग मी हिला टॉर्च देऊन माझ्याजवळच, बॉनेटमागे उभं केलं. दर वेळी पुढे जाऊन मीच बघेन म्हटलं. वेळ लागेल तर लागू दे.

स्क्रू वरच्या बाजूला थोडासा फिरवला...

आणि भिंतीकडून आवाज आला.

"किती वेळा सांगायचं... डोळ्यात येतंय."

हिच्या हातातला टॉर्च खाली पडला. तो आवाज भुताखेताचा वाटावा असा नव्हता, तेच जास्त वाईट होतं. तो नुसता वैतागलेला होता. माझ्यासारखाच.

बॉनेटच्या बाजूने आम्ही डोकावून पाहिलं. उजव्या दिव्याचा उजेड भिंतीवर स्वच्छ गोल पडला होता. डाव्याच्या गोलात, खाली जमिनीलगत, एक काळी जागा होती. भिंतीला पाठ टेकून कोणी बसलं तर त्याची जेवढी सावली पडेल, तेवढी.

दिवा आणि भिंत यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

"आत चला," ही कुजबुजली. "राहू दे ते पासिंग."

मला पळावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यांसमोर आई येत होती. परवा तिला कसं नेऊ? आणि दिवसभराचा राग अजून डोक्यात होता. बरं, हे त्या भंगारातल्या कानाबरोबरच आलं असेल म्हणून तो काढून टाकायचा, तर दुसरा आणू कुठून?

"माफ करा," मी भिंतीकडे न बघता म्हणालो आणि स्क्रू वर फिरवत गेलो.

भिंतीवरून हात घासत कोणीतरी उठल्याचा आवाज आला...

मग शांतता.

उजेड फुलीवर आला होता. काळी जागा गेली होती.

सकाळी गाडी पास झाली. साहेबांनी दिवा हलवून पाहिला, फोकस पाहिला, आणि म्हणाले, "चांगला बसवलाय." एवढ्या मरमरीनंतर ते ऐकायला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन परत येताना अंधारलं. मी दिवे लावले.

थोड्या वेळाने आई मागून म्हणाली, "अरे, समोरच्या गाडीवाल्याला दिवा खाली घ्यायला सांग ना."

समोर कोणतीही गाडी नव्हती...

मी आरशात पाहिलं. आईने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. तिच्या चेहऱ्यावर पांढराशुभ्र उजेड होता, सुरकुती न् सुरकुती दिसत होती. माझे स्टिअरिंगवरचे हात मात्र अंधारात होते.

मी तिथेच गाडी थांबवली. खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि डाव्या दिव्याचा स्क्रू फिरेल तेवढा खाली फिरवला. कोणी काही सांगितलं नाही.

परत येऊन बसलो तेव्हा आई अंधारात शांत झोपली होती.

तेव्हापासून तो दिवा तसाच खाली आहे. समोरचं नीट दिसत नाही, म्हणून मी हळू चालवतो आणि मागच्यांचे हॉर्न ऐकून घेतो. आईला पुन्हा त्रास झालेला नाही. दुसरा कान मी अजून शोधतोय, मिळत नाही.

पण पुढचं पासिंग येणारच आहे. दिवा पुन्हा वर करावा लागेल. आणि आई मला दर थोड्या दिवसांनी विचारते, "तो दिवा वर करायची तारीख कधी आहे रे?"

मी तिला यातलं काहीही सांगितलेलं नाही.