पाण्याची परीक्षा

"उचल ते ताट! बहिणीला नोकरीला धाडून मला दोन घास गिळायचे नाहीत!"

दादाने ताट ढकललं, आणि त्या झटक्यासरशी त्याच्या कमरेतून अशी कळ उठली, की पलंगाची कड घट्ट धरून तो डोळे मिटून बसला. धाकटी धावली, पण त्याने तिचा हात झिडकारला... ज्या हाताला धरून त्याने तिला शाळेत पोचवलं होतं, तोच हात!

वडील गेले, तेव्हा तो रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. एका सकाळी वह्या बांधून ठेवून तो गोदामात पोती उचलायला लागला, आणि दहा वर्षं त्याने हूं की चूं केलं नाही. त्या वाकत गेलेल्या पाठीच्या आधारावरच धाकटी गणिताच्या एम. एस्सी.पर्यंत पोचली होती. आता ती पाठच बसली. डॉक्टरांनी सहा महिने अंथरूण सांगितलं होतं.

"शिक्षण सोडत नाही रे, दादा," ती कळवळून म्हणाली. "तास संपल्यावर संध्याकाळपर्यंत... फक्त थोडे दिवस!"

"मीही 'फक्त थोडे दिवस'च म्हणालो होतो!" तो गरजला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवसापासून त्याने तिच्याशी अबोला धरला.

पण धाकटीही त्याचीच बहीण! पदर खोचून ती कामाच्या शोधात निघाली. शिकवणीवर्गाचे मालक म्हणाले, "तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा नाही." विमा कचेरीला दिवसभराचं माणूस हवं होतं. औषधाच्या दुकानदाराने तर हातच जोडले, "गणितवाले फार प्रश्न विचारतात हो!" रस्त्यावर येऊन ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले... शेवटी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत, गावभरच्या नळांचं पाणी तपासणाऱ्या मोठ्या बाईंनी तिच्याकडून एकच नमुना तीनदा तपासून घेतला, आणि तिला चष्म्यावरून न्याहाळलं.

"आकडेमोड झकास आहे. पण एकाच पाण्याच्या तीन तपासण्या, आणि तीन उत्तरं? सोमवारपर्यंत हात बसव, नाहीतर दुसरं काम बघ."

घरी येऊन तिने आईजवळ मन मोकळं केलं. आई उठली, आणि पेटीच्या तळातून दादाच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली एक लांब काचेची नळी घेऊन आली, प्रयोगशाळेत थेंब मोजायला असते तशीच. अंगावर बारीक रेघा, खाली तोटी.

"दर वर्षी काढतो, पुसतो, परत ठेवतो," आई पुटपुटली. "कुणाला सांगू नकोस म्हणायचा."

दादाला अभ्यासाचा कंटाळाच होता, असं ती दहा वर्षं समजत आली होती... त्यानेच तर तसं सांगितलं होतं!

तिने नळी खिडकीच्या गजाला बांधली, पाणी भरलं, आणि थेंब सोडू लागली. कधी धारच लागे, कधी रेघ चुके. एकदा, दोनदा, वीसदा...

"वरून काय बघतेस? रेघ डोळ्यांसमोर आण!"

आठ दिवसांनी दादा बोलला होता! ती मागे वळलीच नाही. वळली असती, तर तिची आसवं त्याला दिसली असती.

"कडेला पाणी वर चढतं, ते खोटं. मधला खळगा बघ. डावा हात तोटीवर. आणि तपासणीत खालच्या पाण्याचा रंग पालटायला आला, की श्वास रोखून एकेक थेंब... लालाचा निळा एका थेंबात होतो, धाकटे, एकाच थेंबात!"

आता मात्र तिला राहवेना. धावत जाऊन तिने त्याच्या पायांवर डोकं टेकलं. "माझ्याशी खोटं का बोललास, दादा?"

"खरं सांगितलं असतं, तर तू शिकली असतीस?"

सोमवारी तिन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. मोठ्या बाईंनी नमुन्यांची नोंदवही तिच्या हाती दिली.

त्या संध्याकाळी ती घरी आली, ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा कोरा अर्ज घेऊनच.

"सहा महिन्यांनी मी काम सोडायची नाही, आणि तू गोदामात परत जायचं नाहीस."

"खुळी आहेस का? तिशी गाठली मी! पोरं काका म्हणतील मला."

"म्हणू देत."

"आणि बहिणीच्या जिवावर शिकू?"

"मग मी कुणाच्या जिवावर शिकले रे, दादा?"

आईने त्याच्या पाठीशी उशी लावली. कण्हत, सावकाश तो उठून बसला, कागद त्याने मांडीवर सरळ केला, आणि डोळे न पुसताच धाकटीपुढे हात केला.

"पेन दे."