सोबत कोण?

"जबलपूर. एकच तिकीट?" रिझर्व्हेशनच्या खिडकीतल्या माणसाने वर न बघताच विचारलं.

"एकच," सरिता म्हणाली.

"सोबत कोण?"

"कोणी नाही."

आता मात्र त्याने वर बघितलं. सरिताच्या मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ती वळली. बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता, आणि मागचा तरुण नखशिखांत भिजलेला होता.

"हसायला काय झालं?"

"तुम्हाला नाही हसलो हो... त्यांना हसलो. गेल्या महिन्यात मी बंगलोरचं काढलं, तेव्हा मला नाही विचारलं कोणी, सोबत कोण म्हणून."

"तुम्ही पुरुष आहात."

"तेवढं आहे खरं," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की सरिताला हसू आवरेना. ते लपवायला तिने पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

पाऊस थांबेना, म्हणून दोघं स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहाला थांबली. त्याचं नाव महेश आहेर. गाव नांदगाव, नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात. सरिता एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली. वडील तिथेच नोकरीला. ती नाशिकरोडच्या एका शाळेत भूगोल शिकवायची.

"आणि जबलपूरला काय?"

"घळई," ती म्हणाली. "नदी दगड कापत कापत खोल जाते ना, ती. चार वर्षं झाली मुलींना शिकवतेय. परवा वर्गात एकीने विचारलं, बाई, तुम्ही बघितलीय का? मग लक्षात आलं, घळईच काय, वाळवंट, खाडी, त्रिभुज प्रदेश... मी काहीच बघितलेलं नाही. सगळं पुस्तकातलं."

"मैत्रीण वगैरे कोणी?"

"मैत्रिणींना नवऱ्यांना विचारावं लागतं. नवऱ्यांना रजा नसते. वाट बघत बसले तर रिटायर होईन."

महेशने तिच्याकडे नीट बघितलं. मग खिशातून पेन काढून तिच्या तिकिटाच्या मागे कारखान्याचा फोन नंबर लिहिला. "कुठे अडलं तर... म्हणजे, अडणार नाही म्हणा."

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. निघताना आईने डबा दिला आणि वडिलांनी सूचना. गाडीत तिला झोप आली नाही, पण सकाळी जबलपूरला उतरून नर्मदेकाठच्या भेडाघाटची जीप पकडेपर्यंत भीतीही कुठेतरी मागे राहिली होती. खरी अडचण आली ती दुपारी, लॉजवर.

"अकेली लेडीज को रूम नहीं देते, मैडम."

"क्यों?"

मॅनेजरने खांदे उडवले. मग जरा दया आल्यासारखा म्हणाला, "घर के किसी आदमी से फोन पे बात करा दो. वो बोल दे, तो देखेंगे."

सरिताच्या घरी फोन नव्हता. पण तिकिटामागे एक नंबर होता. एक फोन केला असता तर महेश आनंदाने बोलला असता... भाऊ आहे म्हणून, नवरा आहे म्हणून, काहीही. तिने पर्समधून तिकीट काढलं. नंबर बघितला आणि तिकीट पुन्हा आत ठेवलं.

बॅग उचलून ती रस्त्यावर आली. पानवाल्याला विचारत विचारत मुलींच्या शाळेपर्यंत गेली. शाळेला सुट्टी होती, पण मुख्याध्यापिकाबाई शेजारीच राहत होत्या. "मी नाशिकची भूगोलाची शिक्षिका. नर्मदा बघायला आलेय. राहायला जागा हवी," तिने आपल्या मोडक्या हिंदीत सरळ सांगून टाकलं. बाईंनी तिला एकवार न्याहाळलं, दार सताड उघडलं आणि आधी आंघोळीला पाणी तापवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नावेतून ती त्या पांढऱ्या कड्यांच्या मधून गेली. हिरवं पाणी, वर आभाळाची पट्टी. तिने हात लांब करून संगमरवराला स्पर्श केला. गार आणि गुळगुळीत. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

परत आल्यावर तिकिटामागच्या नंबरवर फोन करून ती महेशला भेटली. हे सगळं सांगितलं, तर त्याचं तोंड उतरलं.

"मला फोन का नाही केलात?"

"केला असता, तर खोली तुमच्या शब्दावर मिळाली असती."

तो तसाच उठून निघून गेला. पुढच्या रविवारी मात्र आपणहून एकलहऱ्याला आला आणि म्हणाला, "खूप विचार केला. राग आला होता मला... पण बरोबर आहे तुमचं."

त्यानंतर भेटी वाढल्या. 'तुम्ही'चं त्याच्याकडून 'तू' झालं, तिच्याकडून मात्र 'तुम्ही'च राहिलं. दर सुट्टीला ती कुठेतरी जायची. कच्छचं रण बघून आली, सुंदरबन बघून आली. आल्यावर वर्गात फळा पुसून म्हणायची, "आज पुस्तक मिटा." मुली जागच्या हलायच्या नाहीत. मग तिने एक उद्योग सुरू केला. नववीच्या मुलींना शनिवारी दुपारी स्टेशनवर न्यायचं. गाड्यांचा फलक वाचायचा, चौकशी करायची, प्रत्येकीने आपलं तिकीट आपण काढून देवळालीपर्यंत जाऊन यायचं. दोन-चार पालक भांडायला आले. सरिता त्यांच्याशी शांतपणे बोलली, पण उपक्रम बंद केला नाही. आपण नोकरी करतो म्हणजे नक्की काय करतो, हे तिला आता कळत होतं.

सोमेश्वरच्या धबधब्यावर एका संध्याकाळी महेशने विचारलं. तुषार अंगावर येत होते, आणि तो तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता.

"लग्न करशील माझ्याशी?"

सरिता त्याच्याकडे वळली. पण त्याने पुढचंही लगेच सांगून टाकलं, "फक्त... आई म्हणते, लग्नानंतर हे एकटीनं फिरणं पुरे. मी म्हटलं, मी जात जाईन तिच्यासोबत. मग तर झालं ना?"

"नाही झालं."

"सरिता, मी सोबत नको तुला?"

"हवे आहात," ती म्हणाली. "काही ठिकाणी खूप हवे आहात. पण तुम्ही आलात तरच मी जायचं, असं असेल तर... मग नको."

पुढचे दोन महिने दोघं भेटली नाहीत. सरिता नेहमीसारखी शिकवत होती, पण स्टेशनवर भिजका शर्ट दिसला की उगीच वळून बघत होती.

शेवटी तिनेच ठरवलं. एका रविवारी महेशला न सांगता ती नांदगावला गेली आणि पत्ता विचारत त्याच्या घरी पोचली. अंगणात सिंधुबाई, म्हणजे महेशची आई, शेंगा फोडत बसली होती.

"मी सरिता."

सिंधुबाईने वर बघितलं. "एकटीच आलीस?"

"हो."

"बस मग."

सरिता शेजारी बसून शेंगा फोडू लागली. टरफलांचा ढीग वाढत गेला. मग सिंधुबाईने विचारलं, "गाडीत भ्या नाय वाटत?"

"वाटायचं आधी. आता वरचा बर्थ घेते, पिशवी उशाला."

"आन् लघवीला वगैरे?"

"शेजारच्या बाईला सामानावर लक्ष ठेवायला सांगते. बायका असतातच. त्यांनाही कुणीतरी हवंच असतं."

"उतरायचं ठेसन चुकलं तर?"

"एकदा चुकलं. पुढच्याला उतरले, परत आले."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

सिंधुबाईचे हात थांबले. "माझी थोरली बहीन अकोल्याला ऱ्हाते. आजारी हाय. म्हेशाला रजा नाय, धाकल्याला दुकान. कोन नेनार? लय वर्सं झाली तोंड बघून..." तिने पदराला हात पुसले आणि हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, "मला जमंल का गं, एकटीला?"

सरिता दुपारभर तिथेच राहिली. स्टेशनांची नावं सिंधुबाईने तिच्याकडून ऐकून पाठ केली. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ...

पुढच्या शनिवारी सरिता सिंधुबाईला निरोप द्यायला नांदगावच्या फलाटावर उभी होती, तोच महेश धापा टाकत आला. कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. "आई, वेडी झालीस का? थांब, मी येतो भुसावळपर्यंत तरी."

"तू गप ऱ्हाय," सिंधुबाई म्हणाली. तिने नवं लुगडं नेसलं होतं. गाडी आली तशी बायकांच्या डब्यात चढली, खिडकीची जागा धरली आणि समोरच्या बाईला विचारायला लागली, "तुमी कुठवर?"

गाडी हलली. सिंधुबाई हात हलवायचंही विसरली. शेतं मागे पळताना बघत ती लहान मुलीसारखी हसत होती. महेश गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"मी तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सरिता... मे महिन्यात कुठे जायचं ठरवलंयस?"

"लडाख."

"जा," तो म्हणाला. "लग्न त्याच्या आधी करायचं की आल्यावर?"

सरिताने त्याचा हात हातात घेतला. भर फलाटावर, लोकांच्या देखत.

"आधी," ती म्हणाली. "आल्यावर घरी तू असलेला आवडेल मला."