चारशे पावलांचं बटण

मी ओसरीवर ज्वारीचं पीठ चाळत बसले होते, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा आपला आपणच फिरायला लागला आणि अर्धी परात माझ्या तोंडावर आली.

डोळे पुसून बघते तर अंगणात एक तरुण. हातात साबणाच्या डबीएवढी पत्र्याची डबी, तिच्यावर एक लाल बटण, आणि वर सायकलच्या चाकाचा एक आरा उभा केलेला. तो पंख्याकडे बघत समाधानानं म्हणाला, "लागला."

"काय लागला?"

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं... लागतं त्याच्यापेक्षा जरा जास्तच वेळ. "पंखा," तो म्हणाला. "बाकीचं अजून मले माहीत नाही."

हा शेषराव. खामगावात रेडिओ दुरुस्ती शिकलेला. पंचाहत्तर साली आमच्या धाड गावात घरी पंखा असणं हीच बातमी होती. माझ्या बाबांना, म्हणजे अर्जुनरावांना, तो बिनतारी हवा होता, खाटेवरून. दोन दिवसांत पंखा, दिवा, दारावरची घंटी, सगळं त्या डबीवर चालू-बंद व्हायला लागलं. मग बाबांना गुडघा आठवला. विहिरीवरची मोटारसुद्धा ओसरीवरून लागली पाहिजे, ते म्हणाले. विहीर वावराच्या त्या टोकाला, चारशे पावलांवर. डबीचा पल्ला साठ.

तेव्हापासून शेषराव रोज यायला लागला. तो मोटारीला जोडलेला डबा उघडून बसायचा. मी डबी घेऊन एकेक पाऊल मागे सरायचं, दाबायचं, आणि मोटार लागायची थांबली की तो हात वर करायचा. रोज वीस पावलं वाढायची. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, चारशे झाली की ह्याचं येणं संपलं.

चौथ्या दिवसापासून मी बटण अर्धंच दाबायला लागले.

पुढं एकदा डबी उघडून पाहिली. आत तीन सेलची जागा. सेल दोनच — तिसऱ्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. म्हणजे पल्ला तोही अडवून धरत होता. मी झाकण लावलं आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही. बोलले असते तर हसले असते.

असं आमचं बरं चाललं होतं. घोळ मायनं केला. महिना झाला तरी यंत्र चालत नाही, म्हणजे त्याची पूजाच राहिली, असं तिनं ठरवलं. तिनं डबीला हळदकुंकू लावलं, दोन्ही हातांनी धरली आणि भक्तीनं कपाळाला टेकवली. अंगठा बटणावर होता. चारशे पावलांवर मोटार धडधडायला लागली. बाबा खाटेवरून उठून उभे राहिले, गुडघ्यासकट.

देवानं ऐकलं, माय म्हणाली. शेषराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "देव नाही. माणसाचं अंग तारेचं काम करते. माणूस टेकला का पल्ला वाढते."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हाव."

"मग काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही बटण अर्धंच काऊन दाबत होत्या?"

मी पंख्याकडे बघितलं.

मग त्यानं सांगितलं की मुंबईच्या एका कारखान्याचं नोकरीचं पत्र पंधरा दिवसांपासून त्याच्या ट्रंकेत पडून आहे, ट्रंक आज बरोबर आणली आहे, आणि चारची एस.टी. आहे. बाबांसमोर त्याला विचारता येत नव्हतं, मला उत्तर देता आलं नसतं. म्हणून तो विहिरीवर जाऊन उभा राहणार होता.

"मी राहावं वाटत असन तर मोटार लावा," तो म्हणाला. "राहिलो तर बाबांले मीच विचारतो. नाही लागली तर तसाच फाट्यावर जातो. राग नाही."

तो विहिरीवर पोचला, वळला. मी डबी कपाळाला लावली आणि बटण पुरतं दाबलं.

काही नाही.

हनुवटीला लावली. गालाला लावली. दोन्ही अंगठ्यांनी दाबली... तेवढ्यात डोक्यावरचा पंखा हळू हळू होत थांबला.

"लाईन गेली," माय म्हणाली. "येईन घंट्याभरानं."

लाईनला घंटाभर परवडत होता. शेषराव थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं ट्रंक उचलली.

मी पळाले. चपला ओसरीवर, डबी हातात. बाबा मागून विचारत होते काय झालं, आणि माय त्यांना सांगत होती की लाईन गेली. कपाशीच्या पऱ्हाटीतून, वावराच्या धुऱ्यावरून, विहिरीला वळसा घालून फाट्यावर आले तेव्हा ट्रंक टपावर चढली होती आणि शेषरावचा एक पाय पायरीवर होता.

"लाईन..." मला दम लागला होता. "लाईन गेली."

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

"नाही म्हणाली ते लाईन," मी म्हणाले. "माहं हाव आहे."

गाडीतून दहाबारा माना बाहेर आल्या. शेषरावचा पाय खाली आला. डबीचं कुंकू माझ्या गालाला फासलं होतं. पुसायला त्यानं हात पुढं केला, आणि मध्येच थांबला... बाईमाणसाचं कुंकू पुसत नसतात. कान लाल करून तो म्हणाला, "राहू द्या. बरं दिसते."

कंडक्टरनं विचारलं, दोघांतून कोण येऊन राह्यलं. कोणीच नाही, आम्ही एकदमच म्हणालो. घंटी वाजली, गाडी गेली, धूळ खाली बसली. मग मला आठवलं.

"तुमची ट्रंक..."

शेषरावनं बुलडाण्याच्या रस्त्याकडं शांतपणे पाहिलं. "पत्र तिच्यातच आहे," तो म्हणाला. "जाऊ द्या. होईन तीच रुजू."