काचेवरचं बोट

वाळवंटातली धूळ घेऊन खमसीनचं वारं येऊन गेलं आणि पाठोपाठ चार थेंब पडले, की अलेक्झांड्रियातल्या झाडून सगळ्या काचांवर चिखलाचे ओघळ येतात. त्या आठवड्यात तेच झालं होतं. समुद्रासमोरच्या एका जुन्या इमारतीचं खासगी इस्पितळ केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. शहाता आपल्या जावयाला, हिलालला घेऊन सकाळीच काचा धुवायला पोचला. काम नेहमीचंच. गाडीत काठ्या, बादल्या, वायपर आणि कागदात गुंडाळलेली गरम तामिया, वाटलेल्या कडधान्याची भजी.

शहाता जमिनीवरून काम करायचा. नळीसारखे तुकडे एकात एक बसवून काठी उंच करायची, टोकाला ओला बोळा लावून काच भिजवायची, मग बोळ्याच्या जागी वायपर लावून वरून खाली एका दमात ओढायचं. मध्ये थांबलं की रेघ राहते. खालून मात्र डाग नीट दिसत नाहीत, काचेत आभाळ उतरलेलं असतं. म्हणून जोडीदार आत फिरतो. डाग दिसला की तो तिथं काचेवर बोट टेकवतो, नखानं टक् टक् करतो. बोट सरकलं की वायपर सरकतो. एकमेकांचा चेहरा दिसायची गरज नसते.

ही पद्धत या कंपनीत गेल्याच वर्षी आली. त्याआधी माणसं खिडकीबाहेरच्या वीतभर सज्ज्यावर उभी राहून काचा पुसायची. याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून त्यांच्यातला नसीफ पडला आणि गेला. तो स्वतःच्या मर्जीनं बाहेर गेला होता, असं कंपनीनं सांगितलं. जणू त्याला समुद्राची हवा खायची होती. पेपरात दोन ओळी आल्या, त्यातही नाव चुकलं. मग कंपनीनं काठ्या घेतल्या. काठ्या बाजारात त्याआधीही मिळत होत्या.

खालचे मजले गप्पा मारत उरकले.

"अम्म, तुमचं काम बरंय," खिडकीतून डोकं काढून हिलाल म्हणाला. सासऱ्याला तो अम्म, म्हणजे काका, म्हणायचा. "आभाळाकडे बघत उभं राहायचं."

"ये खाली, मान बदलू. संध्याकाळी बायकोकडून चोळून घे."

"तुमच्या मुलीचा हात पडला तर मान जागेवर राहायची नाही. हल्ली पोटातलं पोरही लाथा मारतं आणि तीही."

"तिच्या आईवर गेली आहे. जा आता, वरचा मजला घे."

हिलाल दिसेनासा झाला. तेवढ्यात वारा परत सुटला. उजेड फिका पडून पिवळा झाला, कोरा चहा पाण्यानं वाढवावा तसा. समुद्र दिसेना, फक्त ऐकू येत होता. ओल्या धुळीचा आणि गंजक्या लोखंडाचा वास नाकात बसला. रस्त्यावरची वर्दळ हळूहळू कमी झाली.

चौथ्या मजल्याच्या काचांना शेवटचा तुकडा जोडूनही काठी हातभर कमी पडायची. शहाता बागेच्या कठड्यावर चढला, टाचा उंचावल्या. तरी नाही. तो उतरणार, इतक्यात पहिल्या खिडकीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात बोट आलं.

त्यानं सवयीनं काठी उचलली. ती पोचली.

काठी कशी पोचली, याचा त्यानं तेव्हा विचार केला नाही. हात कामात असले की डोकं मागे राहतं. टक् टक् होत होतं, पण ते वरून ऐकू येत नव्हतं. काठीतून उतरून त्याच्या तळव्यात येत होतं. हिलाल एरवी आळशी, बोट दाखवून फोनमध्ये डोकं घालणारा. आज मात्र आधी वरची कड, मग कोपरे, मग मधला भाग, असं पद्धतशीर चाललं होतं. पोरगं शिकलं एकदाचं, शहाताला वाटलं. खिडकीमागून खिडकी स्वच्छ होत गेली. तो शेवटच्या खिडकीपाशी आला.

"अम्म, चहा."

हिलाल त्याच्या मागे उभा होता, दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

"तू… खाली कसा?"

"वरच्या मजल्याला कुलूप आहे. किल्लीसाठी उस्ताज मुनीरना शोधत होतो, तर ते फोनवर. म्हटलं तोवर चहा आणू."

शहातानं वर पाहिलं. बोट काचेवर होतं. वाट बघत असल्यासारखं.

"वर कोण आहे?"

"कुलूप आहे म्हटलं ना."

"शेवटची खिडकी. बघ."

हिलालनं मान वर केली. बराच वेळ बघत राहिला. "काच आहे… नुसती काच." मग त्यानं सगळी ओळ नजरेखालून घातली आणि आवाज खाली आणला. "अम्म, तुमची काठी तिथवर पोचते?"

शहातानं काठी खाली घेतली. चहा घेतला नाही.

इस्त्रीच्या शर्टातला मुनीर किल्ल्या वाजवत आला. कामं वाटून देणारा कंपनीचा माणूस तोच, म्हणून सगळे त्याला उस्ताज, म्हणजे साहेब, म्हणत. सकाळपासून इस्पितळाच्या मालकाचा फोन त्याला सोडत नव्हता.

"ओळ छान झाली, अम्म शहाता. शेवटचा वरचा कोपरा राहिलाय."

"तिथं काठी पोचत नाही."

"बाकीच्या खिडक्यांना कशी पोचली?"

शहातानं काठी कठड्याला टेकवली.

"हिलाल, चल माझ्याबरोबर. हात बाहेर काढायचा, फडकं फिरवायचं, संपलं."

"नुसता हात काढून होत नाही," शहाता म्हणाला. "सज्ज्यावर पाय ठेवावा लागतो. तुम्हाला माहीत आहे."

"एका डागापायी माझं पुढचं काम जाईल."

"नसीफचाही एकच डाग होता."

मुनीरनं किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. "तो बेसावध होता."

"तो तुमच्या सांगण्यावरून गेला. तुम्ही खिडकीत होतात."

"ज्याला काम नको असेल त्यानं तसं सांगावं. तुला हवंय ना रे?"

हिलालनं दोन्ही ग्लास कठड्यावर ठेवले. "जाऊन येतो, अम्म." शहातानं त्याची बाही धरली. हिलालनं ती हळूच सोडवून घेतली. घरी पोर यायचं होतं आणि शहरात कामं काही रस्त्यावर पडलेली नव्हती.

शहाता खाली एकटा उरला. थोड्या वेळानं शेवटच्या खिडकीत हिलाल दिसला. त्यानं कडी ओढली. खिडकी उघडेना. दोन्ही हातांनी ओढली, भिंतीला पाय लावून ओढली. शहाता डोळे बारीक करून बघत होता. चौकटीवर हिलालच्या दोन हातांशेजारी तिसरा हात होता. पाण्यात राहून राहून पांढरा पडलेला, सुरकुतलेला. तो हात ओढत नव्हता, खिडकी धरून होता.

मुनीरनं हिलालला बाजूला सारलं आणि दोन बोटांनी कडी ओढली. खिडकी आवाजही न करता उघडली.

"हे बघ. एवढंसं काम," त्याचा आवाज खालपर्यंत आला. त्यानं फडकं घेतलं, चौकट धरली आणि सज्ज्यावर एक पाय ठेवला.

तेव्हा शेजारच्या काचेवर बोट आलं. टक् टक्. इथं.

मुनीरनं फडकं तिथं नेलं. बोट थोडं पुढे सरकलं. मुनीरही सरकला. बोट आणखी पुढे गेलं. मुनीरचा दुसरा पाय बाहेर आला आणि चौकटीवरचा हात सुटला. आपण कुठं चाललो आहोत, याचा त्याच्या तोंडावर मागमूस नव्हता. तो फक्त डाग शोधत होता.

शहाता गप्प राहिला असता तर त्याला कोणी काही विचारलं नसतं. जमिनीवरच्या माणसाला कोण विचारतं? माणूस स्वतःच्या मर्जीनं बाहेर गेला होता. आणि क्षणभर तो गप्प राहिलाही.

मग त्यानं काठी उचलली आणि बोळा मुनीरच्या छातीवर टेकवून रेटला.

एवढी लांब काठी एरवी वेतासारखी वाकते. त्या वेळी वाकली नाही. शहाताच्या तळव्यांना दोन वजनं कळली. एक पुढं झुकलेल्या माणसाचं. दुसरं त्याला पाठीमागून ढकलणारं, शांतपणे, जोर न लावता. शहातानं दात आवळून रेटा कायम ठेवला. "पुरे," तो पुटपुटला. "माझा हिलाल आहे वर, त्याच्यावर बालंट येईल. पुरे कर, नसीफ…"

दुसरं वजन एकदम सुटलं. मुनीर आत कोसळला आणि खिडकी आपोआप मिटली.

तो खाली आला तेव्हा त्याच्या शर्टावर छातीपाशी चिखलाचा ओला डाग होता. त्यानं किल्ल्या कठड्यावर ठेवल्या.

"राहू दे तो कोपरा."

"आणि पुढच्या वेळी?"

"कोणी बाहेर जाणार नाही. सांगतो कंपनीत तसं." मग तो हिलालकडे वळला. "तू मला पुढे पुढे का दाखवत होतास?"

"मी तुमच्या मागे होतो, उस्ताज. तुमचा पट्टा धरायला बघत होतो."

मुनीरनं एकदा वर त्या खिडकीकडे बघितलं आणि रस्ता धरला.

परतताना वारा पडला होता. शहाता गाडी चालवत होता. हिलाल बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता.

"अम्म… तुम्हाला दिसला?"

"हात दिसला. आतून धरली होती खिडकी."

"आतून नाही." हिलाल जवळजवळ कुजबुजला. "आत मी एकटाच ओढत होतो. तो बाहेर होता. सज्ज्यावर उभा, समुद्राकडे पाठ करून. काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होता."

शहाताचं लक्ष हिलालच्या बाजूच्या काचेकडे गेलं होतं. गाडीची काच धुळीनं माखलेली, आणि तिच्यावर डोळ्यांच्या उंचीला बोटाच्या टोकाएवढा एक ओला ठसा होता. हिलालनंही तो पाहिला. फडकं घेऊन आतून पुसला. गेला नाही.

शहातानं गाडी कडेला घेतली, उतरून बाहेरून पुसला. मग बादलीतलं पाणी मारलं आणि वायपर एका दमात खाली ओढला. काच लख्ख झाली.

ठसा तिथंच होता. आणि बघता बघता दोन बोटं पुढे सरकला.