तयार ठेवलेले फोटो

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी नंदकिशोर दुपारी जेवायला कधी घरी जात नसे. बाजाराला आलेला माणूस एका फेरीत दहा कामं उरकतो, त्यातलं एक हमखास फोटोचं असतं. स्टुडिओ बंद दिसला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. तर त्या दिवशीही, चैत्राच्या रखरखत्या दुपारी, कूलरसमोर बसून तो डबा उघडणार, इतक्यात तांड्यावरचा पूनमसिंग दारात येऊन उभा राहिला. पायात चप्पल नव्हती.

"साहेब, याडी गेली, माय माझी," तो म्हणाला. "काल. चांगली बसून बोलत होती. घरात तिचा एकबी फोटो नाही. तेरवीले पायजे."

"सुखीबाई? अरेरे... बस, बस. आहे आपल्याकडे."

आता इथे नंदकिशोरची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचा फोटो जिवंतपणी मुद्दाम कोणी काढत नाही. गेल्यावर मात्र सगळ्यांना हवा असतो. मोठा, निळ्या पडद्यावरचा, हार घातलेला, आणि तोही उद्याच्या उद्या. मग लग्नाच्या गर्दीतून तोंड हुडका, शेजारणीचा खांदा कापा, केसांतल्या अक्षता पुसा. या कटकटीला कंटाळून नंदकिशोरने एक युक्ती काढली होती. लग्नाचे फोटो आले की त्यातली पिकली पानं आधीच कापून, निळ्या पडद्यावर बसवून ठेवायची. फोटो सगळे यवतमाळला, त्याचा मेहुणा चारुदत्त याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. घाटंजीच्या कम्प्युटरवरून ते बघायचे आणि घडवायचे, साठवण तिकडेच. तिथे 'तयारी' नावाचं एक फोल्डर होतं. घरच्यांना यातलं काही ठाऊक नसे. नियम एकच होता. हार माणूस गेल्यावरच. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि हा शहाणा नेमका तिथेच चुकला! तीन आठवड्यांपूर्वी लग्नांची इतकी झुंबड होती की त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका फटक्यात फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंना हार चढेल, अशी सोय त्याने कम्प्युटरमध्ये करून ठेवली. हार गळ्याशी नीट बसतो का, हे बघायला एक स्वच्छ उजेडातला चेहरा हवा होता. समोर बायकोचा होता, भाच्याच्या लग्नातला. त्याने तोच टाकला. पाच म्हाताऱ्यांच्या खाली सहावी मंजुषा. बटण दाबलं, सहाही जणांना हार चढले. चहा घेऊन आलो की हार काढून टाकू म्हणाला, आणि विसरला.

त्याने सुखीबाईचा फोटो उघडला. तिथलं नेट म्हणजे काय सांगावं, चटई उलगडावी तसा फोटो वरून खाली उतरायचा. आधी निळं, मग ओढणीची किनार, कानांवरची चांदी, कपाळाचं गोंदण, डोळे. दोन्ही बाजूंनी शेवंती-निशिगंधाचा हार.

पूनमसिंग पडद्याजवळ गेला. "हार तुमी आत्ता घातला?"

"हो, आत्ताच."

"ताजा दिसून राह्यला," असं म्हणून तो रडायला लागला. फोटो छापून झाला, तो कागदात गुंडाळून छातीशी धरून निघाला, आणि दारात थबकला. "साहेब, वास बी येऊन राह्यला."

वास खरंच येत होता. कूलरच्या ओल्या वाळ्याचा नव्हे, फुलांचा. शिळ्या, पाण्यात कुजत आलेल्या फुलांचा.

नंदकिशोरने पुन्हा फोल्डर उघडलं आणि नावं वाचली. पहिला धरमसिंग. दुसरे नानाजी. तिसरी मानीबाई. चौथी सुखीबाई. चौघांचे फोटो या तीन आठवड्यांतच त्याने स्वतः छापून दिले होते. ज्या क्रमाने ते तिथे होते, त्याच क्रमाने. एकही आजारी नव्हता. हातातलं काम संपवायच्या नादात त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

पाचवी हंसाबाई. सहावी मंजुषा.

दुकान उघडं टाकून तो बाजारात धावला. हंसाबाई नेहमीच्या जागी, गोणपाटावर अंबाडीच्या जुड्या मांडून बसली होती. तिला बघून त्याला हायसं वाटलं.

"काहून रे भाऊ, असा पाहून राह्यला? मी काय नवरी आहे?"

"काही नाही मावशी. तब्येत बरी आहे ना?"

"मले काय धाड भरली? घे, जुडी घे. मंजूले सांग, डाळ घालून कर."

तो हसला. आपण काय पोरासारखं घाबरलो, असं स्वतःला म्हणत जुडी घेऊन परतला. स्टुडिओची पायरी चढला आणि मागे बाजारात गलका उठला. पलीकडचा चहावाला धावत जाऊन आला. "हंसाबाई गेली हो! हातात तराजू तसाच. बसल्या जागी कलंडली."

नंदकिशोरने मंजुषाला फोन लावला. ती सकाळीच माहेरी, बोरी अरबला गेली होती.

"अहो, जेवलात का? नसालच जेवले. डबा तसाच असेल."

"कुठे आहेस?"

"यवतमाळच्या स्टँडवर. घाटंजीची गाडी लागून राह्यली. काहून? आवाज असा काय?"

"मंजू... आज चारूकडेच थांब."

"कायले? उद्या नळ यायचा आहे, पाणी कोण भरेल, तुम्ही?" ती हसली आणि फोन ठेवला.

ती लांब असलेली बरी की जवळ, हे तरी त्याला कुठे ठाऊक होतं! तो कम्प्युटरसमोर बसला. तिचा फोटो निवडला आणि डिलीट केलं. पडद्यावर सूचना आली, ही फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडी आहे, काढता येणार नाही. त्याने हार पुसायचा प्रयत्न केला. तीच सूचना. नाव बदलायला गेला. तीच सूचना. शेवटी त्याने चारुदत्तला फोन केला.

"चारू, 'तयारी' फोल्डरमधला सहावा फोटो तुझ्याकडे कोणी उघडलाय?"

"थांबा भाऊजी, पाहतो." बराच वेळ नुसती बटणं वाजली. "इथं असं फोल्डरच नाही."

"मी बघून राह्यलोय त्यात!"

"नाही ना भाऊजी. लग्नाचे आहेत सगळे. 'तयारी' म्हणून काही नाही."

"सर्व्हर बंद कर."

"अहो, अख्ख्या ऑफिसचं काम..."

"चारू, हात जोडतो. वायर काढ."

पलीकडे खुर्ची सरकली. सर्व्हरच्या पंख्याची घरघर फोनमधून ऐकू येत होती, ती थांबली. "काढली. आता त्यात जीव नाही. झालं काय पण?"

नंदकिशोरने फोन खाली ठेवला. त्याच्या पडद्यावर सहाही फोटो एका क्षणात, लख्ख उघडले होते. इतक्या झटक्याने ते आजवर कधी उघडले नव्हते.

तो पंचावन्न वर्षांचा माणूस तिथे ढसाढसा रडला. मंजुषाशिवाय आपल्याला साधा चहा करता येत नाही, हे त्याला लखलखीत दिसलं. पंचवीस वर्षं तिने हे दुकान आणि हा नवरा दोन्ही सांभाळले होते. पोरबाळ नव्हतं. एकमेकांशिवाय कोण होतं त्यांना! आणि तिच्या गळ्यात त्याने स्वतःच्या हाताने हार घातला होता. का, तर उजेड बरा होता म्हणून!

मग त्याच्या मनात आलं, काढू देत नाही तर नाही, बदलू तरी देतं का बघू.

निळा पडदा खाली ओढून तो समोरच्या स्टुलावर बसला. आयुष्य दुसऱ्यांचे फोटो काढण्यात गेलेलं, स्वतःचा धड एक फोटो नाही. कॅमेऱ्याला दहा सेकंद लावून त्याने स्वतःचा फोटो काढला. कापला, हार चढवला, आणि सहाव्या नंबरच्या नावाने पाठवला. या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? त्याने 'हो' दाबलं.

काढायला नकार देणारं ते यंत्र बदलायला मात्र ताबडतोब तयार झालं. पडद्यावर हळूहळू उतरला तो त्याचाच चेहरा, विस्कटलेल्या केसांचा, रडून सुजलेल्या डोळ्यांचा. मंजुषा गेली होती तिथून. त्याला इतकं हलकं वाटलं की सकाळपासून तसाच असलेला डबा उघडून त्याने दोन घास खाल्लेसुद्धा.

दिवे लागायच्या वेळेला मंजुषा आली. घामाने निथळलेली, हातात आईने दिलेल्या कुरड्यांची पिशवी.

"बाई बाई, काय गर्दी! आणि तुम्ही असे का पाहून राह्यले? ओळखलं नाही का?"

"ओळखलं," तो म्हणाला. तिचा हात त्याने हातात घेतला. गरम होता. "बस तू. चहा आणतो."

"तुम्ही आणता? आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?"

तो हसत हसत रस्ता ओलांडून गेला. मरणाची भीती त्याला वाटत नव्हती, असं नाही. पण तिच्याबरोबर एक चहा होईल, मग बघू, असा हिशोब होता. आलं घालून कडक दोन चहा त्याने सांगितले. उकळायला वेळ लागला, आणि तो काचेतून आत बसलेल्या तिच्याकडे बघत राहिला. ती कम्प्युटरसमोर बसली होती. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुकानातलं निम्मं काम तीच तर करायची.

तो ग्लास घेऊन आत आला तेव्हा तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"शरम नाही वाटत? जित्या माणसाच्या फोटोला हार? आणि तोही स्वतःच्या? माझं कुंकू जड झालं काय तुम्हाला?"

"मंजू... तू काय केलंस?"

"काढला तो अवलक्षणी फोटो. नुसता निघत नव्हता मेला. मग कम्प्युटरनंच जुनी प्रत परत आणू का म्हणून विचारलं, म्हटलं आण."

ग्लास त्याच्या हातातून पडले. पडद्यावर निळं उतरत होतं. त्याखाली भांग, कुंकू, भाच्याच्या लग्नात हसलेले तिचे डोळे, आणि दोन्ही बाजूंनी हार.

"अगंबाई! हा तर माझा होता." ती पदराने कपाळ टिपून हसली. "असू द्या. माझा चालते. तुमचा नाही चालत."

त्याने तिच्या हाताखालून माउस ओढला, आपला फोटो पुन्हा पाठवला, 'हो' दाबलं, पुन्हा दाबलं. ही फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडी आहे...

"मंजू, ऊठ. दवाखान्यात जाऊ. ऊठ ना..."

"थांबा हो... जरा बसू द्या... गाडीत फार गरम होतं..."

तिचं डोकं त्याच्या दंडावर आलं. लहान मूल झोपताना जसं जड होतं, तशी ती जड झाली. फुलांचा वास इतका दाटला की त्याला श्वास घेता येईना. त्याने तिला हाका मारल्या, आधी हळू, मग मोठ्याने. समोरचा चहावाला धावत आला, आणखी कोणी आलं, कोणीतरी गाडी आणायला पळालं. नंदकिशोर जागचा हलला नाही. तिला तसंच धरून तो पडद्याकडे बघत होता.

मंजुषाच्या फोटोखाली सातवी चौकट उघडत होती. वरून खाली निळं उतरत होतं. माझाच असू दे, तो मनात म्हणाला, देवा, आता तरी माझाच असू दे. निळं संपलं आणि केस दिसले. काळेभोर, तेल लावून चापून बसवलेले, मधोमध भांग, दोन्ही कानांवर लाल रिबिनीची फुलं. असा फोटो त्याने कुठल्याच लग्नात काढला नव्हता. चेहरा उतरायच्या आधीच दोन्ही बाजूंनी हार दिसू लागला होता.

लोक त्याच्या हातातून मंजुषाला सोडवत होते. पण त्याची मान वळेना. कोणाची पोर आहे, ते बघणं भाग होतं.